सासऱ्यांच्या पायाची चौकशी

आपल्या गाडीत काहीतरी बिघाड निघावा, मोठा नको पण निदान लहानसा तरी निघावा, म्हणून गॅरेजच्या बाकावर जीव मुठीत धरून बसलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? माझ्या शेजारी बसलेली गिऱ्हाइकं "काही मोठं नाही ना?" असं विचारत होती आणि मी "असेल हो काहीतरी, जरा नीट बघा," असं विनवत होतो. गॅरेजवाल्याला आमच्याकडे सगळे वस्ताद म्हणतात. वस्तादने गाडी एक फेरी मारून आणली, बॉनेटवर थाप मारली आणि हसत हसत निकाल दिला, "साहेब, गाडी ठणठणीत आहे. पोटातलं पाणी हलत नाही."

माझा चेहरा पडला. चांगली बातमी ऐकून असा पडलेला चेहरा वस्तादने आयुष्यात पाहिला नसावा. तो घाबरून म्हणाला, "वाटल्यास हॉर्न बदलून देऊ का?"

भानगड अशी होती की, गाडी ठणठणीत असेल तर माझ्या सासऱ्यांचा पाय गेला होता. दोन्हीपैकी एकच गोष्ट खरी असू शकत होती. ही गाडी मुळात त्यांची. लग्नाआधीपासून मी त्यांना तिच्यात बघत आलोय: खिडकीची काच अर्धी खाली, दोन्ही हात चाकावर आणि वेग असा, की मागची सायकल पुढे जाताना घंटा वाजवायची. त्या वेगात कधी फरक पडला नाही. घाई असो, पाऊस असो, घरी पाहुणे येऊन दारात ताटकळत असोत, सासरे आपल्याच चालीने यायचे. आणि एके दिवशी गाडी गचके खायला लागली. अगदी छान चाललेली असताना मध्येच दम सोडायची आणि पुढच्या क्षणी उडी मारायची.

दुसरा कोणी असता तर गाडी घेऊन गॅरेजात गेला असता. सासऱ्यांनी ती जागेवर उभी केली, किल्ली मुलीच्या हातात दिली आणि म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांतला मी नाही. गाडी तीच, रस्ता तोच. पाय म्हातारा झाला. न्या तुम्ही."

पाय म्हातारा झाला म्हणाले आणि मग बाकीचे सासरेही पायाच्या मागोमाग म्हातारे व्हायला निघाले. जिना उतरताना भिंतीला हात लावू लागले. कोपऱ्यापर्यंत फिरायला जाणं बंद झालं. डॉक्टरांनी तपासून पाय उत्तम असल्याचं सांगितलं, तर म्हणाले, "डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात. ॲक्सिलरेटरवर ठेवून बघितलाय का त्यांनी?"

त्यात मी तेल ओतलं. काही आठवड्यांनी गाडी घरी आणली त्याच दिवशी मोठ्या उत्साहाने फोन करून सांगितलं, "बाबा, काय गाडी ठेवलीत हो! लोण्यासारखी चालते. एक गचका नाही!" मला वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटेल. तर सासरे म्हणाले, "हं. म्हणजे पायच." आणि फोन ठेवला. माणसाने कौतुकसुद्धा विचार करून करावं, हे मला त्या दिवशी कळलं.

पण दोन दिवसांनी आमची ही, म्हणजे माझी बायको, गाडी घेऊन बाजारात गेली आणि परत आली ती धावत जिना चढूनच.

"अहो, गाडी गचके खाते! चांगले खाते! बाबांचा पाय ठीक आहे!"

"मग माझ्या हातात का नाही खात?" मी विचारलं. "कदाचित तुझाही पाय..."

हे वाक्य मी पूर्ण केलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठलं वाक्य कुठे सोडायचं एवढं कळतं.

"तुम्ही गाडी चालवत नाही," ती म्हणाली, "तुम्ही ती हाकलता."

मी लगेच बाबांना फोन करायला निघालो, तर तिने हातातून फोन काढून घेतला. तिचं म्हणणं बरोबर होतं. नुसता संशय सांगितला तर ते म्हणणार, पोरं माझं मन राखतायत. वस्तादसारखा माणूस "गाडीतच दोष होता" असं ठणकावून सांगेल तेव्हाच त्यांना पटेल. थोडक्यात, गाडीला दोषी ठरवायचं काम माझ्याकडे आलं. आणि वस्तादने तर, सुरुवातीलाच सांगितलं तसं, तिला निर्दोष सोडलं.

गाडी बिघडल्याची बातमी इमारतीत कशी पसरते यावर कोणीतरी संशोधन करायला हवं. घरात कोणी आजारी पडलं तर चार दिवसांनी विचारतील, पण बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत गर्दी. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी आयुष्यात गाडी चालवलेली नाही. त्यांनी पेट्रोलात भेसळ असल्याचं सांगितलं. समोरच्या निवृत्त मास्तरांनी चाकांत हवा जास्त आहे म्हणून सांगितलं. ती कमी केली तेव्हा, आता फारच कमी झाली, असंही त्यांनीच सांगितलं. आणि वरच्या मजल्यावरून बॅटरीवाले उतरले.

बॅटरीवाल्यांचं बॅटऱ्यांचं दुकान आहे. जगातल्या निम्म्या दुःखांचं मूळ बॅटरीत आहे आणि उरलेली निम्मी लोकांनी वेळेवर बॅटरी न बदलल्यामुळे आहेत, असं त्यांचं मत आहे. ते मनुष्य म्हणून फार चांगले. आमचा फ्रीज बंद पडला होता तेव्हाही ते मदतीला आले होते आणि फ्रीजला बॅटरी नसते हे कळल्यावर मनापासून हळहळले होते.

"बॅटरी," ते इंजिनाकडे न बघताच म्हणाले.

"अहो, पण गाडी सुरू तर एका दमात होते."

"तेच तर! सुरू व्हायलाच सगळी ताकद जाते. मग रस्त्यात गचके."

मी पेट्रोल दुसऱ्या पंपावर भरून पाहिलं, स्पार्क प्लग बदलले, हवेचा फिल्टर बदलला. फिल्टर मी स्वतः बदलला, हे मुद्दाम सांगतो. त्यात एक स्क्रू इंजिनाच्या खोल भागात पडला, तो काढायला गेलेला माझा हात कोपरापर्यंत अडकला आणि मी तसाच वाकून उभा असताना मास्तर येऊन मला चाकांतल्या हवेबद्दल पुन्हा समजावून गेले. हात सुटला. स्क्रू अजून आतच आहे. गचके होते तसेच राहिले: मी चालवली की नाहीत, ही चालवते तेव्हा हमखास.

आता पुराव्याशिवाय भागणार नव्हतं. मी विचार केला, वस्ताद म्हणतो पोटातलं पाणी हलत नाही, तर आपण पाणी हलवूनच दाखवू. पातेल्यात काठोकाठ पाणी घेऊन मी हिच्या शेजारी बसलो आणि ते मांडीवर धरलं. आम्ही थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला निघालो होतो, कारण लहान गॅरेजवर माझा विश्वास राहिला नव्हता. ही अगदी हलक्या पायाने चालवत होती. आणि मोठ्या रस्त्याला लागताच गाडीने दम सोडला, उडी मारली आणि सगळं पातेलं माझ्या विजारीत रिकामं झालं.

"बघा!" ही आनंदाने ओरडली.

"बघायचं काय त्यात," मी म्हणालो, "कळलं."

काचेच्या दारातून, गार हवेच्या झोतात, नको त्या जागी ओली विजार आणि हातात रिकामं पातेलं घेऊन मी काउंटरशी उभा राहिलो. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग शिकवल्याप्रमाणे फक्त कॉम्प्युटरकडे पाहू लागली.

"तक्रार काय आहे, सर?"

"गचके."

"गचके नाहीये यात. ब्रेक, क्लच, एसी, आवाज, इतर."

"इतर घ्या."

"इतर घेतलं की सुपरवायझर विचारतात, यातलं काहीच नाही का."

शेवटी 'आवाज' लिहायचं ठरलं. "कसला आवाज?" तिने विचारलं. पाणी सांडल्याचा, असं मी म्हणणार होतो, पण हिने पाय दाबला. त्यांच्या ड्रायव्हरने गाडी आवारात फिरवली. हा एक धिप्पाड गृहस्थ होता. तो पेडल असा दाबायचा की गाडी बिचारी शिवी खाल्ल्यासारखी पुढे पळायची. अर्थातच गचका नाही.

"आवाज येत नाही," त्याने कळवलं.

"मी चालवून दाखवते ना," ही म्हणाली.

"ग्राहकांना आत चालवता येत नाही, मॅडम. नियम आहे," तो म्हणाला.

"मग बाहेर रस्त्यावर या माझ्यासोबत."

"आम्हाला ग्राहकांसोबत बाहेर जाता येत नाही."

म्हणजे गाडी ज्यांच्या हातात गचके खाते त्यांनी चालवायची नाही आणि जे चालवणार त्यांच्या हातात ती खाणार नाही. मी तावातावाने त्यांना हे सगळं सांगितलं, पातेलं आपटून सांगितलं. "तक्रार दिसली पाहिजे, सर," ती मुलगी शांतपणे म्हणाली. माझी तक्रार तर समोर ठिबकत होती, पण ती त्यांच्या यादीत बसत नव्हती. आम्ही परत निघालो. वाटेत मी चालवली. रागाने चालवली. लोण्यासारखी चालली.

त्या संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "जावईबापू, एक सांगा. ही म्हणते, गाडी तिच्याकडेही गचके खाते. खरं सांगतेय की मला बरं वाटावं म्हणून?" हिला राहवलं नव्हतं तर! मी म्हणालो, "खरंच खाते, बाबा." तर म्हणाले, "आणि तुमच्याकडे?" मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि ते जमलं नाही. "माझ्याकडे नाही," मी म्हणालो. "असू दे," ते अगदी मऊपणे म्हणाले. "चांगली मुलं आहात तुम्ही." मला खूप वाईट वाटलं. त्यापेक्षा रागावले असते तर परवडलं असतं.

रविवारी सकाळी बॅटरीवाले आपण होऊन खाली आले. त्यांच्या हातात मीटर होता, जुना, काट्याचा. "आज तुमच्या बॅटरीचं पाप उघडं पाडतो," म्हणाले. मी इतका हरलो होतो की पाडा म्हणालो. त्यांनी मीटरचा एक चिमटा लावला बॅटरीला आणि दुसऱ्यासाठी इंजिनात वाकून शोधाशोध केली. तेवढ्यात काकूंनी वरून हाक मारली, ते वर बघत बोलले आणि न बघताच दुसरा चिमटा एका तारेला लावला. त्या तारेचं रबर सोललेलं होतं. बहुधा मी हात सोडवताना सोललं असावं.

"किल्ली फिरवा. गाडी सुरू नका करू, नुसती फिरवा," ते म्हणाले. ही आत बसली होती, तिने फिरवली. काटा जेमतेम हलला. "अर्धा व्होल्ट!" बॅटरीवाले किंचाळले. "मेली! तुमची बॅटरी मेली!"

"ॲक्सिलरेटर दाबू का?" हिने विचारलं, कारण तिला दुसरं काय विचारावं ते सुचलं नाही.

तिने पेडल दाबलं आणि काटा चढला. बॅटरीवाल्यांचं तोंड उघडं राहिलं. पाय दाबला म्हणून बॅटरी जिवंत झाल्याचं त्यांनी उभ्या धंद्यात पाहिलं नव्हतं. काटा हळूहळू, शहाण्या मुलासारखा वर सरकत होता, आणि मध्येच तो धाडकन शून्यावर पडला. क्षणभर पडून राहिला. मग उठून पुन्हा चढू लागला.

"परत कर," मी म्हणालो. तिने परत केलं. काटा त्याच जागी पडला. मग मी आत बसून दाबलं, तर काटा सुर्रकन टोकाला गेला. मध्ये पडलाच असेल तर कोणाला दिसला नाही.

तार कुठे जाते ते आम्ही बोटाने शोधलं आणि मी गाडी घेऊन थेट वस्तादकडे गेलो. त्याच्याकडून कळलं ते असं. ॲक्सिलरेटर दाबून आपण पेट्रोल सोडतो, असा माझा इतकी वर्षं समज होता. तसं नाही. आपण इंजिनात जाणाऱ्या हवेची एक झडप उघडतो, बस. पेट्रोल किती द्यायचं ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्याला काही आपला पाय दिसत नाही. म्हणून झडपेच्या दांड्यावर एक चहाडखोर बसवलेला असतो, थ्रॉटलचा सेन्सर. त्याच्या पोटात काळ्या लेपाची बारीक पट्टी असते आणि तिच्यावरून सरकणारी एक पातळ जीभ. झडप मिटलेली असली की तारेत अर्धा व्होल्ट, उघडत जाईल तसतसा तो चढतो, पूर्ण उघडली की साडेचार. त्यावरून कॉम्प्युटरला समजतं की मालकाचा पाय कुठे आहे. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण असतं ना, तसंच हे. आणि ते बटण जसं एका ठरावीक जागी खरखरतं, तशीच ही पट्टी एका जागी झिजली की जीभ तिथे अधांतरी राहते. कॉम्प्युटरला वाटतं, मालकाने पाय काढला. तो पेट्रोल आखडतो. पुढच्या क्षणी जीभ परत टेकते, तो दचकून पेट्रोल सोडतो. तो गचका. माझ्यासारखा माणूस ती जागा एका धडाक्यात ओलांडून जातो, त्यामुळे त्याला पत्ताच लागत नाही.

"मी तेव्हाच म्हणालो होतो," वस्ताद म्हणाला. तो काय म्हणाला होता ते मला चांगलं आठवत होतं, पण आनंदात माणूस मोठ्या मनाचा होतो. बॅटरीवाल्यांचं अजूनही म्हणणं आहे की त्या जागी बॅटरी कमी पडत होती.

नवा सेन्सर बसला. जुना मी मागून घेतला. वस्तादने पकडीने त्याचं झाकण उचकटून दिलं आणि आत काळी पट्टी दिसली. सगळी गुळगुळीत, चकचकीत, फक्त सुरुवातीपासून थोड्या अंतरावर, तांदळाच्या दाण्याएवढा एक पांढरट खळगा. ही तो खळगा बराच वेळ बघत राहिली.

"अहो, बाबांचा पाय कायम इथेच असायचा," ती म्हणाली. "मला शिकवतानाही इथेच ठेवायला लावायचे. म्हणायचे, पेडलखाली मांजराचं पिल्लू झोपलंय असं समज." आणि ती हसता हसता रडायला लागली. वस्ताद पुन्हा घाबरला.

आम्ही तसेच सासऱ्यांकडे गेलो. ते खुर्चीत बसले होते. मी तो उघडा सेन्सर टेबलावर त्यांच्यापुढे ठेवला आणि झडप, जीभ, पट्टी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा मागून घेतला आणि सेन्सर खिडकीशी नेऊन पाहिला.

"म्हणजे ही झीज माझी," ते म्हणाले.

"तुमचीच."

"मीच बिघडवला म्हणायचा."

"बाबा, तसं नाही," मी म्हणालो. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच नेमकं काय बोलायचं ते ठाऊक होतं. "थरथरणारा पाय असता तर तो इकडेतिकडे फिरला असता आणि पट्टी सगळीकडे सारखी झिजली असती. ही एकाच जागी झिजलीय. इतकी वर्षं तुमचा पाय तिथून हलला नाही म्हणून झिजलीय."

त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. खळग्याशी बोट थांबलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"तुमच्या पायाने कुठे झिजली असती?" त्यांनी मला विचारलं.

"माझा पाय एका जागी टिकतच नाही."

"ते मी पाहिलंय," सासरे म्हणाले आणि उठून उभे राहिले. "किल्ली आणा."

जिना ते आमच्या आधी उतरले. भिंतीला हात लावला नाही. ड्रायव्हरच्या जागी बसले, आरसा आपल्यासाठी फिरवून घेतला, ही त्यांच्या शेजारी आणि मी मागे. गाडी निघाली. पेडल दाबताना ती जागा आली, जिथे गाडी दम सोडायची, आणि आम्ही तिघांनीही श्वास रोखून धरला. गाडी नुसती पुढे जात राहिली, त्यांच्या त्या जुन्या, संथ, कोणाचीही पर्वा न करणाऱ्या चालीने. मागून हॉर्न वाजू लागले. एक सायकल घंटा वाजवत पुढे गेली. इतके हॉर्न ऐकून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

गावाबाहेर मोकळा रस्ता लागतो तिथे त्यांनी गाडी हळूच कडेला घेतली, बंद केली आणि किल्ली काढून हिच्या हातात दिली.

"आता का, बाबा?" ही म्हणाली. "आता तर चांगली झाली ना गाडी? तुमचा पायही..."

"म्हणूनच देतोय," ते म्हणाले. "त्या वेळी मी गाडी सोडली नव्हती गं, त्या गचक्यांनी मला उतरवलं होतं. उतरवलेल्या माणसाने काय द्यायचं? आज मी देतोय. चांगला पाय आहे माझा, चांगली गाडी आहे, आणि मला वाटतंय म्हणून देतोय."

 तिने किल्ली घट्ट मुठीत धरली आणि उतरून ड्रायव्हरच्या जागी आली. ते फिरून तिच्या जागेवर बसले. जावयाला देता का, असं कोणी विचारलंसुद्धा नाही आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही, म्हणजे थोडंच वाटलं. गाडी निघाली तेव्हा सासऱ्यांनी एकदा मान खाली करून मुलीच्या पायाकडे पाहिलं. मग काच अर्धी खाली केली, कोपर खिडकीवर टेकलं, आणि घर येईपर्यंत ते बाहेरची शेतं बघत बसले.